गोव्याच्या मुक्तीचा आवाज: आंबोली आणि कॅसल रॉक येथील बंद झालेल्या रेडिओ केंद्राविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे केंद्र नेमके कोणते?

२५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या जंगलात सुरू झालेले, पुढे कॅसल रॉक येथे हलवण्यात आलेले आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होताच बंद झालेले हे प्रक्षेपण केंद्र होय. कोकणीत त्याचे नाव 'गोंयचे सोडवणेचो आवाज' आणि पोर्तुगीजमध्ये 'व्होज द लिबेरदाद' असे होते. सुमारे सहा वर्षे ते चालले. त्याला इमारत नव्हती, फलक नव्हता, परवाना नव्हता, आणि ज्या भूमीसाठी ते बोलत होते त्या भूमीवर ते कधीही उभे नव्हते. त्यामुळे आकाशवाणीच्या केंद्रांच्या इतिहासात त्याला जागा मिळत नाही आणि मुक्तिलढ्याच्या इतिहासातही ते सत्याग्रहांच्या व सशस्त्र हल्ल्यांच्या वर्णनामागे दडून राहते.

ते सुरू करण्याची गरज का पडली?

याचे उत्तर १९५५ च्या दुसऱ्या सहामाहीत आहे. त्या वर्षी १५ ऑगस्टला भारतातून हजारो निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या सीमेवर गेले आणि पोर्तुगीजांच्या गोळीबारात वीसहून अधिक जण मारले गेले. त्यानंतर भारत सरकारने पोर्तुगालशी असलेले राजनैतिक संबंध तोडले, गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, सीमा बंद केली, रेल्वे थांबवली आणि सामुदायिक सत्याग्रहांनाही आवर घातला. नाकेबंदीमागचा हेतू पोर्तुगीज सत्तेची कोंडी करण्याचा होता. परंतु माल अडवणारी सीमा बातमीही अडवते. मुंबईहून येणारा पाहुणा, त्याच्या पिशवीतले वर्तमानपत्र, नातेवाइकांच्या पत्रातली दोन ओळींची खबर, हे सगळे मार्ग अरुंद झाले किंवा बुजले.

गोव्याच्या आतली स्थिती तर त्याआधीपासूनच कठीण होती. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत छापील शब्दावर पूर्वपरीक्षण होते आणि लग्नाची निमंत्रणपत्रिकाही छापण्यापूर्वी अधिकाऱ्याच्या नजरेखालून जावी लागे, असे गोव्यातील जुन्या पिढीने अनेकदा सांगितले आहे. १९४६ मध्ये सुरू झालेले 'एमिसोरा द गोवा' हे पणजीचे रेडिओ केंद्र सरकारी होते आणि सरकारला हवे तेच बोलत होते. शिवाय १९५१ मध्ये पोर्तुगालने आपली घटना बदलून गोव्याला वसाहत न म्हणता 'सागरपार प्रांत' म्हणण्यास सुरुवात केली होती. हा शब्द केवळ कागदावर राहिला नाही. आंबोलीचे केंद्र सुरू झाल्यानंतर आठवडाभरातच, २ डिसेंबर १९५५ रोजी, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्हा यांच्या संयुक्त निवेदनात आशियातील पोर्तुगीज 'प्रांतां'चा उल्लेख झाला आणि भारतात त्यावर संतापाची लाट उसळली. एकीकडे सीमा बंद, दुसरीकडे अधिकृत ध्वनिक्षेपकाची मक्तेदारी. या दोहोंच्या मधल्या फटीतून जाऊ शकेल अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे रेडिओची लहर.

गोव्यासाठीचे केंद्र गोव्याबाहेर का उभारले?

प्रक्षेपक यंत्र स्वतःचा पत्ता स्वतःच सांगत असते. चौकटीच्या आकाराचा अँटेना फिरवत नेला की आवाज कोणत्या दिशेने येतो हे कळते. अशा दोन ठिकाणांहून घेतलेल्या दिशा नकाशावर रेघा मारून जुळवल्या की त्या जेथे छेदतात तेथे यंत्र असते. लहानशा गोव्यात, पोर्तुगीज पोलिसांच्या हद्दीत, असे केंद्र किती काळ टिकले असते याचा अंदाज बांधणे अवघड नाही. सीमेपलीकडून बोलल्यास ते कोठून येते हे पोर्तुगीजांना कळले तरी तेथे धाड घालता येणार नव्हती, कारण ती धाड भारताच्या भूमीवर पडली असती.

यंत्रसामग्री कोठून आली?

या केंद्राच्या इतिहासातील हा भाग मला सर्वांत अधिक आवडतो. जुलै १९५४ मध्ये दादरा आणि ऑगस्टच्या प्रारंभी नगर हवेली स्वयंसेवकांनी पोर्तुगीजांच्या ताब्यातून सोडवली. संगीतकार सुधीर फडके त्या स्वयंसेवकांत होते, ही गोष्ट मराठी वाचकांना ठाऊक असते. त्या मोहिमेत पोर्तुगीजांचे बिनतारी संच हाती लागले. त्यांतील दोन संचांच्या आधारे पुढे प्रक्षेपक तयार करण्यात आला. म्हणजे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी आपापसांत संदेश पाठवण्यासाठी आणलेल्या यंत्रावरूनच पोर्तुगीज सत्तेविरुद्ध पोर्तुगीज भाषेत बोलले जाऊ लागले.

संदेशवहनाचा संच आणि प्रसारणाचे केंद्र यांत मूलभूत भौतिक फरक फारसा नसतो. पहिल्यात एक ठरलेला माणूस ऐकत असतो आणि दुसऱ्यात ज्याने सुई त्या जागी आणली तो कोणीही ऐकू शकतो. परंतु व्यवहारातला फरक मोठा असतो. दोन वाक्यांपुरता सुरू होऊन बंद पडणारा संच रोज बराच वेळ सलग चालवायचा म्हणजे त्याच्या व्हॉल्व्हना (ट्रान्झिस्टरपूर्वीच्या काचेच्या विद्युत नळ्यांना) तापू न देणे, वीजपुरवठा स्थिर ठेवणे, अँटेना योग्य लांबीची आणि योग्य उंचीवर बांधणे आणि ध्वनीची पातळी कानाला सुसह्य ठेवणे ही कामे रोजची होऊन बसतात.

केंद्र ट्रकमध्ये होते, हे खरे आहे काय?

होय, आरंभी आंबोलीच्या रानात ट्रकमध्येच यंत्र बसवण्यात आले होते. ट्रकचा एक उघड फायदा म्हणजे गरज पडल्यास सगळा संसार चाकांवर हलवता येतो. तोटेही तितकेच उघड आहेत. आंबोलीत वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, धुके दिवसभर घाटावर बसून राहते आणि कपाटातले कपडेही ओलसर लागतात. विद्युत यंत्रातील रोधक आवरणांचा दमट हवा हा जुना शत्रू आहे. अशा हवेत, पत्र्याच्या छताखाली, तापलेल्या व्हॉल्व्हच्या शेजारी बसून निवेदन वाचणे म्हणजे काय, याची कल्पना ज्याने पावसाळ्यात आंबोलीचा घाट चढला आहे त्याला सहज करता येईल.

केंद्र कोण चालवत असे?

प्रामुख्याने दोन व्यक्ती: वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. आरंभीच्या काळात निकोलाव मेनेझिस हेही त्यांच्यासोबत होते. लिबिया लोबो यांचा जन्म १९२४ चा; त्या मुंबईतील शिक्षणाच्या व राजकीय चर्चांच्या वातावरणातून आल्या होत्या आणि त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी पत्रांच्या पूर्वपरीक्षणाच्या खात्यात भाषांतराचे काम केले होते. पत्रांतला मजकूर तपासण्याच्या यंत्रणेचा अनुभव घेतलेल्या व्यक्तीने पुढे पूर्वपरीक्षणाच्या भिंतीला भोक पाडण्याचे काम करावे, हा योग नोंदवण्याजोगा आहे.

दोन-तीन माणसांचे केंद्र म्हणजे नेमके काय, हे आजच्या वाचकाने नीट लक्षात घ्यावे. परदेशी केंद्रे ऐकून बातम्या टिपणे, मिळतील ती वृत्तपत्रे चाळणे, मजकूर लिहिणे, त्याची दोन भाषांत मांडणी करणे, तो वाचणे आणि दुसऱ्या दिवशीच्या तयारीला लागणे, ही सगळी कामे त्याच हातांनी व्हायची. आकाशवाणीच्या छोट्या केंद्रातही वृत्तविभाग, निवेदक आणि अभियंते वेगवेगळे असतात. येथे रजा घेण्याची सोय नव्हती, कारण एक दिवस आवाज आला नाही तर ऐकणाऱ्याने पहिला निष्कर्ष 'पकडले गेले' असाच काढला असता.

आंबोली आणि कॅसल रॉक तेव्हा कोणत्या राज्यात होते?

१९५५ मध्ये दोन्ही ठिकाणे मुंबई राज्यात होती. आंबोली हे पूर्वीच्या सावंतवाडी संस्थानातले गाव, विलीनीकरणानंतर रत्नागिरी जिल्ह्यात आलेले. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला. कॅसल रॉक उत्तर कन्नड जिल्ह्यात असून १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. त्यामुळे 'हे महाराष्ट्रातले केंद्र की कर्नाटकातले' हा वाद निरर्थक आहे.

कॅसल रॉक हे नाव रेल्वेने प्रवास करणाऱ्यांच्या परिचयाचे आहे. मुरगाव बंदराकडून येणारा मीटरगेज मार्ग १८८८ मध्ये पूर्ण झाला, तो दूधसागरच्या घाटातून चढून याच ठिकाणी ब्रिटिश हद्दीत शिरत असे. एके काळी प्रवाशांच्या सामानाची तपासणी होणारे, दोन साम्राज्यांच्या मधले हे गजबजलेले स्थानक नाकेबंदीनंतर एकाएकी मार्गाच्या टोकावरचे गाव बनले. गाडी पुढे जात नव्हती, आवाज मात्र जात होता.

प्रक्षेपण कोणत्या भाषांत होत असे? मराठीत का नव्हते?

पोर्तुगीज आणि कोकणी या दोन भाषांत. कोकणी घराघरांत बोलली जात असल्यामुळे तिची निवड स्वाभाविक होती. पोर्तुगीजची निवड अधिक विचार करायला लावणारी आहे. ती भाषा मोजक्याच सुशिक्षित गोमंतकीयांची होती. परंतु सरकारी कारकून, शिक्षक, पोलीस अधिकारी आणि युरोपातून तैनातीवर आलेला सैनिक यांचीही ती होती. 'तुम्ही येथे कशासाठी आहात' हा प्रश्न त्या सैनिकाला त्याच्याच भाषेत विचारता येणे, याचे मोल कोकणीतल्या शंभर घोषणांनी भरून निघाले नसते.

मराठी वगळली गेल्याबद्दल काही वाचक आजही खंत व्यक्त करतात. मला ती अनाठायी वाटते. गोव्यातील मराठी वाचणारा समाज मोठा होता हे खरेच आहे, पण तो मराठी वाचत असे आणि घरात कोकणी बोलत असे. रेडिओ हे कानाचे माध्यम आहे. मराठी-कोकणीचा जो वाद पुढे गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही यावरच्या १९६७ च्या जनमत कौलाच्या वेळी तापला, तो १९५५ च्या ट्रकमध्ये शोधणे योग्य नाही.

प्रक्षेपणात काय ऐकवले जात असे?

बातम्या आणि त्यांवरील भाष्य हा त्याचा गाभा होता. गोव्याच्या आत व बाहेर चाललेल्या मुक्तिलढ्याच्या घडामोडी, पोर्तुगीज प्रचाराला दिलेली उत्तरे, जगातील इतर देशांत वसाहतवादाविषयी होत असलेल्या चर्चा आणि आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतींतील चळवळी यांचा त्यात समावेश असे. शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. गोवा हा भारत आणि पोर्तुगाल यांच्यातील जमिनीचा तंटा आहे, असे लिस्बनचे म्हणणे होते. अंगोला, मोझांबिक आणि गोवा यांची नावे एका दमात घेतली की तो तंटा न राहता एका साम्राज्याचा प्रश्न होतो.

त्या सहा वर्षांत सांगण्यासारख्या घटनांची वाण नव्हती. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व मिळाले आणि त्याच महिन्यात त्याने दादरा-नगर हवेलीत जाण्याच्या मार्गावरील हक्कासाठी भारताविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. त्या खटल्याचा निकाल एप्रिल १९६० मध्ये लागला. फेब्रुवारी १९६१ मध्ये अंगोलात उठाव सुरू झाला. पणजीचे सरकारी केंद्र या घटना ज्या रंगात सांगत असेल, त्याहून वेगळ्या रंगात त्या ऐकण्याची सोय असणे, हेच या केंद्राचे प्रयोजन होते.

लोक ते कसे ऐकत असत?

त्या काळचा रेडिओ म्हणजे लाकडी पेटीतला व्हॉल्व्हचा संच. ट्रान्झिस्टर घरोघरी पोहोचायला अद्याप अवकाश होता. कळ फिरवल्यावर काचेमागचा पिवळा दिवा लागे, व्हॉल्व्ह तापेपर्यंत अर्धा मिनिट काहीच ऐकू येत नसे, मग खरखर आणि त्या खरखरीतून सुई केसभर इकडे-तिकडे करत शोधून काढलेला आवाज. वीज मोजक्या शहरांत होती. इतरत्र कोरड्या बॅटरीवर संच चालवावा लागे. असा संच गावात एखाद-दुसऱ्या घरात असे. म्हणून श्रोत्यांची संख्या संचांच्या संख्येवरून काढता येत नाही. माजघरात दार लोटून, आवाज बारीक करून दोघांनी ऐकलेली बातमी तिन्हीसांजेपर्यंत वाड्यावर पसरत असे आणि ती सांगणारा 'कोणीतरी म्हणत होते' एवढेच सांगत असे.

पोर्तुगीजांनी ते बंद का पाडले नाही?

त्यांच्यापुढे तीन मार्ग होते. सीमा ओलांडून यंत्र ताब्यात घेणे म्हणजे भारताला लष्करी कारवाईचे निमित्त देणे. त्याच लहरीवर गोंगाट सोडून आवाज बुडवणे शक्य होते, पण त्यासाठी सतत पहारा ठेवावा लागतो आणि प्रक्षेपकाने सुई थोडी सरकवली की श्रम वाया जातात. तिसरा मार्ग ऐकणाऱ्यांना धाक दाखवण्याचा. तो धाक होताच. परंतु दार लोटून ऐकणाऱ्यास पकडणे कोणत्याही पोलिसांना जड जाते.

केंद्राला 'भूमिगत' म्हणणे योग्य आहे काय?

या शब्दाविषयी थोडी सावधगिरी बाळगावी, असे माझे मत आहे. भारतात १८८५ च्या तार कायद्यानुसार सरकारी परवान्याविना बिनतारी प्रक्षेपण करणे हा गुन्हा होता. तरीही मुंबई राज्याच्या व पुढे म्हैसूर राज्याच्या हद्दीत एक प्रक्षेपक सहा वर्षे नियमितपणे बोलत राहिला. सरकारने मुद्दाम डोळेझाक केल्याशिवाय हे घडू शकत नाही. दुसऱ्या बाजूने पाहता, नेहरूंच्या सरकारने त्या काळात शांततेच्या मार्गाचा जाहीर आग्रह धरला होता आणि लष्करी कारवाई टाळली होती, त्यामुळे हे केंद्र आपले आहे असे म्हणणेही सरकारला परवडणारे नव्हते. हे केंद्र पोर्तुगीजांपासून आणि जगाच्या नजरेपासून लपलेले होते. ज्यांच्या अंगणात ते उभे होते त्यांच्यापासून नव्हे. यामुळे ते चालवणाऱ्यांचे धैर्य कमी होत नाही. सहा वर्षे रानात काढणे हे परवानगी असली तरी सोपे नसते, आणि पकडले गेल्यास आपल्यामागे कोणी उघडपणे उभे राहील याची खात्री त्यांना नव्हती.

१९४२ च्या काँग्रेस रेडिओशी त्याची तुलना करता येईल काय?

'छोडो भारत' आंदोलनातील त्या गुप्त केंद्राशी तुलना वारंवार केली जाते, कारण तेथील उषा मेहता आणि लिबिया लोबो या दोघींचा आवाज त्या-त्या केंद्राची ओळख बनला. मात्र काँग्रेस रेडिओ मुंबई शहरात, ब्रिटिशांच्या नाकाखाली, सतत जागा बदलत चालवला गेला आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी तो पकडला; त्याचे आयुष्य सुमारे तीन महिन्यांचे. गोव्याचे केंद्र शत्रूच्या हद्दीबाहेर असल्याने सहा वर्षे टिकले. पहिल्याची गोष्ट पाठलागाची आहे, दुसऱ्याची चिकाटीची. आणि चिकाटीच्या गोष्टी सांगायला अवघड असतात, म्हणून पहिली अधिक सांगितली जाते.

डिसेंबर १९६१ मध्ये केंद्राने काय केले?

ऑपरेशन विजयच्या, म्हणजे गोवा मुक्त करण्यासाठीच्या भारताच्या लष्करी कारवाईच्या, तोंडावर या केंद्राचा उपयोग पहिल्यांदाच उघडपणे राज्यसंस्थेसाठी झाला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या सूचनेवरून, पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांनी रक्तपात टाळून शरण यावे, असे आवाहन त्यावरून करण्यात आले. लिस्बनहून सालाझारचा आदेश अगदी उलट, शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा होता. १८ डिसेंबरला भारतीय हवाई दलाच्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केले आणि १९ डिसेंबरच्या रात्री गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली.

गोवा मुक्त झाल्याची घोषणा विमानातून झाली, हे खरे आहे काय?

होय. पोर्तुगीज सत्ता संपल्याची वार्ता सांगण्यासाठी लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांना हवाई दलाच्या विमानातून गोव्यावर नेण्यात आले. विमानाला ध्वनिवर्धक लावलेला होता, पत्रकेही टाकण्यात आली, आणि पोर्तुगीज व कोकणीतून गोवा मुक्त झाल्याचे सांगण्यात आले. १५१० पासून चालत आलेली ४५१ वर्षांची राजवट संपल्याची बातमी अनेकांनी अशी आकाशातून, ओळखीच्या आवाजात ऐकली. सहा वर्षे ज्यांनी या दोघांना केवळ कानाने ओळखले होते त्यांनी वर पाहिले असेल, तरी दिसले असेल ते फक्त विमान.

केंद्र बंद झाल्यावर पणजीच्या सरकारी केंद्राचे काय झाले?

'गोंयचे सोडवणेचो आवाज' बंद करण्याचा समारंभ झाला नाही. काम संपले आणि प्रक्षेपण थांबले. ज्याच्या विरोधात ते बोलत होते ते 'एमिसोरा द गोवा' मात्र भारत सरकारच्या ताब्यात येऊन आकाशवाणीचे पणजी केंद्र झाले आणि आजही चालू आहे.

चालवणाऱ्यांचे पुढे काय झाले?

वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी पुढे विवाह केला. सरदेसाई यांनी भारताचे राजदूत म्हणून अंगोलात काम केले. ज्या देशाच्या उठावाच्या बातम्या रानातून सांगितल्या, तो देश १९७५ मध्ये स्वतंत्र झाल्यावर तेथेच त्यांची नियुक्ती झाली. १९९२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लिबिया लोबो सरदेसाई गोव्याच्या पर्यटन खात्याच्या पहिल्या संचालक झाल्या. त्यांची पद्मश्री जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाली, तेव्हा त्या शंभर वर्षांच्या होत्या. ही दिरंगाई कोणाला भूषणावह आहे, हे ज्याने-त्याने ठरवावे.

नावाचे योग्य लेखन कोणते?

कोकणीत 'गोंयचे सोडवणेचो आवाज' किंवा 'गोंयच्या सोडवणेचो आवाज' अशी दोन्ही रूपे लिहिली जातात. मराठीत 'गोव्याच्या सोडवणुकीचा आवाज' हे त्याचे जवळचे रूप आहे. 'मुक्तीचा आवाज' हे त्याहून सुटसुटीत, म्हणून शीर्षकात तेच घेतले आहे. 'व्हॉईस ऑफ गोवा' हे काही लेखांत आढळणारे नाव चुकीचे आहे, कारण इंग्रजीत करायचे झाल्यास ते 'व्हॉईस ऑफ फ्रीडम' होईल.